झाडांची पत्रं वाचण्याचं काम: नव्याने येणाऱ्यांसाठी

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली की पुढे काय, याची उत्तरं ठरलेली असतात: नेट-सेट, पीएच.डी., एखादी बियाणे कंपनी, नाहीतर वनखात्याची परीक्षा. जुन्या वृक्षोद्यानाच्या दप्तरात बसून झाडांबद्दलची पत्रं लावायची, वाचायची आणि ती त्या त्या झाडाशी जोडायची, असंही एक काम असतं हे पुण्यात शिकत असताना मला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे अमेरिकेत अभिलेख-व्यवस्थापन शिकले आणि बोस्टनच्या आर्नल्ड आर्बोरेटमचा गेल्या शतकाच्या मध्यातला पत्रव्यवहार हा माझ्या अभ्यासाचा विषय झाला. आता या वाटेने येऊ पाहणारी मुलंमुली विचारतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी जागेची ओळख. आर्नल्ड आर्बोरेटम हे हार्वर्ड विद्यापीठाचं वृक्षोद्यान. स्थापना १८७२ची, विस्तार २८१ एकरांचा. थंड हवेत तगणारी झाडं-झुडपं, त्यातही चीन, जपान आणि कोरियातली, ही त्याची खरी श्रीमंती. १९३५ ते १९४६ एल्मर ड्रू मेरिल, त्यांच्यामागून १९५४ पर्यंत कार्ल सॅक्स आणि मग १९७८ पर्यंत रिचर्ड हॉवर्ड असे संचालक झाले. १९३६ मध्ये डोनाल्ड वायमन उद्यानतज्ज्ञ म्हणून रुजू झाले आणि तीन दशकांहून जास्त काळ राहिले. या काळातल्या पत्रांचे ढोबळ मानाने दोन प्रवाह आहेत. एक, दुसऱ्या उद्यानांशी आणि संशोधकांशी चाललेली रोपाबियांची देवघेव. दुसरा, 'माझ्या अंगणातल्या झाडाला काय झालंय' असं विचारणाऱ्या सामान्य माणसांना दिलेला सल्ला.

या कामात सगळ्यात महत्त्वाचं काय, असं विचारलंत तर माझं उत्तर एकच आहे: एकटं पत्र वाचू नका. झाडाबद्दलचं पत्र म्हणजे अर्धा कागद. उरलेला अर्धा नोंदणी क्रमांकात, हर्बेरियमच्या (वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) नमुन्यात आणि जमिनीत उभ्या असलेल्या झाडात असतो. उद्यानात काहीही आलं, बी असो, काडी असो की रोप, त्याला एक क्रमांक मिळतो. आर्नल्डमध्ये त्या काळी तो साधा होता: त्या वर्षीचा अनुक्रम, आडवी रेघ, वर्षाचे शेवटचे दोन अंक. पत्रात हा क्रमांक बहुधा नसतो, कारण पत्र आधी येतं आणि क्रमांक नंतर पडतो. तो शोधून जोडणं हेच तुमचं काम.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे मेटासिक्वोया हा सूचिपर्णी वृक्ष. १९४१ साली जपानमध्ये शिगेरू मिकी यांनी जीवाश्मांवरून या प्रजातीला नाव दिलं, तेव्हा ती केव्हाच नामशेष झाली असं मानलं जात होतं. त्याच सुमारास चीनमध्ये, सिचुआन आणि हुबेईच्या सीमेवरच्या एका खेड्यात, न ओळखलेलं एक मोठं झाड पाहण्यात आलं. १९४६ मध्ये नानजिंगचे चंग वान-चुन यांनी तिथून नमुने मागवले. बीजिंगचे हू श्येनशू यांनी ते मिकींच्या जीवाश्मांशी ताडून पाहिले आणि झाड जिवंत असल्याचं ओळखलं. हू यांनी १९२५ मध्ये हार्वर्डमधून, याच आर्बोरेटमच्या ग्रंथालय-हर्बेरियमच्या आधाराने, डॉक्टरेट मिळवली होती. मेरिल यांच्याशी पत्रांतून त्यांचा संबंध होता. मेरिल यांनी बिया गोळा करण्यासाठी २५० डॉलर पाठवले, १९४७च्या शरदात चंग यांचे सहायक डोंगरात गेले आणि जानेवारी १९४८ मध्ये बिया बोस्टनला पोचल्या. मेरिल यांनी त्या स्वतःजवळ ठेवल्या नाहीत. जगभरच्या उद्यानांना आणि संशोधकांना शेकडो पाकिटं रवाना केली.

आता दप्तराच्या बाजूने बघा. या एका गोष्टीचे कागद किती ठिकाणी विखुरलेले असतात! हू यांची पत्रं मेरिल यांच्या फायलीत, पैशांची नोंद हिशेबात, बिया पेरल्याची नोंद रोपवाटिकेच्या कार्डावर, पाकिटं पोचल्याची पत्रं इतर उद्यानांच्या नावांच्या फायलींत, अंकुरलेल्या रोपांचे नमुने हर्बेरियममध्ये. या सगळ्यांना बांधणारा धागा म्हणजे ३-४८ हा क्रमांक. त्या क्रमांकाची झाडं आजही आर्बोरेटममध्ये उभी आहेत आणि ऑनलाइन नकाशावर तुम्हाला ती पाहता येतात. मार्च १९४८ मध्ये कॅलिफोर्नियाचे जीवाश्मतज्ज्ञ राल्फ चेनी स्वतः चीनला जाऊन आले. वर्तमानपत्रांनी त्यांचं नाव गाजवलं आणि श्रेयावरून कुरबुर झाली. अशा वेळी कोणी आधी काय लिहिलं, कोणाला केव्हा कळवलं, हे तारखेसह दाखवू शकतात ती फक्त पत्रं. म्हणूनच पाकिटावरचा टपालशिक्का, 'मिळाले' असा तारखेचा शिक्का, मागच्या बाजूची पेन्सिलची टीप यांतलं काहीही किरकोळ समजू नका.

याच उदाहरणात नावांची अडचणही भेटते. त्या काळच्या पत्रांत चिनी नावं जुन्या रोमन लेखनपद्धतीने लिहिलेली आहेत आणि आजचे अभ्यासक ती पिनयिन पद्धतीने लिहितात. चंग वान-चुन आणि झंग वानच्युन ही एकच व्यक्ती आहे, हे सूचीत नोंदवलं नाही तर पुढच्या संशोधकाला अर्धीच पत्रं सापडतात. वनस्पतींच्या नावांचंही तेच. पत्रात सोफोरा जॅपोनिका असेल तर आजच्या याद्यांत ती स्टिफ्नोलोबियम म्हणून शोधावी लागते. पत्रातलं नाव जसंच्या तसं ठेवायचं आणि आजचं शेजारी द्यायचं. जुनं खोडून नवं लिहिणं हा दप्तराशी अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

देवघेवीचा मोठा भाग मात्र इतका नाट्यमय नसतो. तो बीजसूचीवर चालतो, जिला उद्यानांच्या जगात इंडेक्स सेमिनम म्हणतात. वर्षातून एकदा उद्यान आपल्याकडे जमलेल्या बियांची यादी छापून इतर उद्यानांना पाठवतं. समोरचं उद्यान हव्या त्या क्रमांकांवर खुणा करून ती परत करतं आणि त्याप्रमाणे पाकिटं निघतात. पैशाची देवघेव नाही, फक्त परतफेडीची अपेक्षा. खुणा केलेल्या या याद्या दिसायला रटाळ असतात, आणि नवीन माणूस त्या बाजूला ठेवून प्रसिद्ध माणसांच्या सह्या शोधायला लागतो. उलट करा. पहिले काही आठवडे फक्त याद्या आणि पोचपावत्या वाचा. कोणतं उद्यान कोणाकडे काय मागतं, कोण नियमित पाठवतं, कोणत्या वर्षी कोण अचानक गप्प होतं, हे कळलं की मोठी पत्रं आपोआप उलगडतात. १९४९ नंतर चीनशी असलेली वाट बंद झाली. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांची चिनी सहकाऱ्यांबरोबरची संयुक्त मोहीम त्यानंतर थेट १९८० मध्ये निघाली, आणि तीत आर्नल्डचे प्रतिनिधीही होते. मधली तीस वर्षं फायलीत कोऱ्या जागेच्या रूपात दिसतात. ती कोरी जागाही नोंदवायची असते.

बीच का पाठवायचं, रोप का नाही, हा प्रश्न पत्रांत सारखा डोकावतो. अमेरिकेत १९१२ साली वनस्पती-विलगीकरणाचा कायदा झाला आणि १९१९ पासून लागू झालेल्या ३७ क्रमांकाच्या नियमाने मातीसकट रोपं आणण्यावर कडक बंधनं आली. चेस्टनटवरच्या करप्याने तिथली जंगलं ओस पाडली होती, त्यामुळे भीती खरी होती. म्हणून परवान्याचे कागद, मातीविरहित मुळं आणि तपासणीत अडकलेली पार्सलं हे विषय येतात. पण बियांनाही मर्यादा असते. रानसफरचंदांसारखी झाडं एकमेकांशी सहज संकर करतात. उद्यानात शेजारी शेजारी लावलेल्या झाडांचं बी पेरलं तर आईसारखं झाड येईलच असं नाही. तिथे काडीच पाठवावी लागते, ओल्या शेवाळात गुंडाळून, डोळा भरण्यासाठी किंवा कलम बांधण्यासाठी. १९५०च्या सुमारास पॉलिथिनचा कागद सर्रास मिळू लागला आणि गुटी कलमाला तो सोयीचा ठरला. वायमन यांनी उद्यानाच्या 'आर्नोल्डिया' या नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. ज्यांनी डाळिंबाची किंवा पेरूची गुटी बांधलेली पाहिली आहे, त्यांना हा भाग वाचताना अडत नाही. आपल्याकडच्या नर्सरीत हात मळवलेले असतील तर तो अनुभव अर्जात जरूर लिहा. माझ्या मते तो एखाद्या जादा प्रमाणपत्राहून मोलाचा आहे.

आता सल्ल्याची पत्रं. मला वैयक्तिकरीत्या हीच जास्त प्रिय आहेत. लायलॅकच्या झुडपाला फुलं का येत नाहीत, समुद्रकाठच्या वाळूत काय जगेल, एल्मची पानं का पिवळी पडली, हे विचारणारी माणसं आपलं घर, अंगण, मुलंबाळं सगळं ओघात सांगून जातात, आणि त्यांना उत्तर जातं ते देशातल्या मोठ्या जाणकाराकडून. पण ही उत्तरं वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक म्हणजे थंडीचे विभाग, म्हणजे कोणतं झाड कुठल्या भागातल्या थंडीत तगेल हे सांगणारे क्रमांक. वायमन यांनी १९३८ मध्ये आर्नल्डचा विभागांचा नकाशा दिला, तर सरकारी कृषिखात्याचा नकाशा १९६० साली आला, आणि दोन्हींचे क्रमांक जुळत नाहीत. आर्नल्डच्या पाचव्या विभागात किमान तापमान उणे १० ते उणे ५ अंश फॅरनहाइट धरलं आहे, सरकारी पाचव्या विभागात उणे २० ते उणे १०. पत्रात 'विभाग ५' असं वाचून आजच्या नकाशावर बोट ठेवाल तर झाडाबद्दलचा निष्कर्षच चुकेल. सूचीत तो आकडा कुठल्या नकाशाचा, हे लिहिलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट औषधांची. एल्मची झाडं मारणारा डच एल्म रोग अमेरिकेत १९३०च्या सुमारास आला. तो पसरवणाऱ्या भुंगेऱ्यांवर चाळीस-पन्नासच्या दशकांत डीडीटी फवारण्याचा सल्ला सर्वत्र दिला जात असे. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली. सल्ला देणाऱ्याला आजच्या ज्ञानाने दोषी ठरवू नका, आणि तो सल्ला आजच्या वाचकापुढे टिपेशिवाय ठेवूही नका.

तिसरी, पत्रातलं पान. ओळख पटवण्यासाठी लोक पाकिटात पानं, फुलं, कधी बिया घालून पाठवत. ते सापडलं की झटकून टाकू नका आणि स्वतःहून काढूही नका. आहे तसा फोटो घ्या, वरिष्ठांना दाखवा, मग ठरेल. ते कागदाबरोबर राहील की हर्बेरियमकडे जाईल, हा निर्णय दोन्ही विभागांचा असतो. जुन्या हर्बेरियम नमुन्यांना कीड लागू नये म्हणून पाऱ्याची संयुगं लावलेली असण्याची शक्यता असते, तेव्हा नमुने हाताळताना हातमोजे घाला. साध्या कागदाला मात्र स्वच्छ, कोरडे, उघडे हातच बरे. मोज्यांनी कागदाची कड जाणवत नाही आणि कार्बन कॉपीचा पातळ कागद पटकन फाटतो. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, पेन जवळ बाळगू नका, बुरशीचा वास आला तर खोका बंद करून आधी सांगा.

फायलींचा क्रम बदलण्याचा मोह होईल. मूळ कचेरीने पत्रं आडनावांच्या क्रमाने लावली असतील आणि तुम्हाला झाडांप्रमाणे हवी असतील, तरी क्रम तोच ठेवा. झाडांची वेगळी सूची करा. आर्नल्डच्या बाबतीत तर जागेचाही इतिहास ठाऊक हवा. पन्नासच्या दशकात हर्बेरियम आणि ग्रंथालयाचा बराच भाग बोस्टनजवळच्या केंब्रिजला, हार्वर्डच्या मुख्य आवारात, हलवला गेला. त्यावरून वाद पेटला, कोर्टकचेरी झाली आणि १९६६ मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला. त्यामुळे आजही रानातून आणलेले नमुने मुख्यतः केंब्रिजला आणि लागवडीतल्या झाडांचे नमुने बागेतच, अशी विभागणी आहे. एका पत्राचा माग घेताना दोन्हीकडे विचारावं लागतं.

शिक्षणाबद्दल थोडं. वनस्पतिशास्त्र आणि ग्रंथालयशास्त्र यांपैकी एक नीट आणि दुसरं कामापुरतं, एवढं पुरतं. पण टंकलिखित पत्रांच्या समासातलं हस्ताक्षर वाचण्याचा सराव हवा आणि लॅटिन वर्णनं समजण्यापुरती लॅटिन हवी. परदेशी जाण्याआधी इथेच सुरुवात करता येते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम १९०६ पासून. रीतसर परवानगी घेऊन अशा ठिकाणी नमुन्यांच्या चिठ्ठ्या वाचायला शिका: गोळा करणारा कोण, क्रमांक काय, तारीख आणि ठिकाण कोणतं. पत्रांच्या कामात लागणारी नजर तिथेच तयार होते.

आणि छापण्याआधी हक्क तपासा. पत्राचा कागद उद्यानाच्या मालकीचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, अमेरिकेत सर्वसाधारणपणे त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत. संचालकांची पत्रं त्यांच्या पदामुळे सार्वजनिक जीवनाचा भाग ठरतात. लायलॅकबद्दल विचारणाऱ्या बाईंचं तसं नाही, म्हणून त्यांचं नाव आणि पत्ता झाकून फक्त प्रश्न आणि उत्तर द्या. अभ्यासाला तेवढंच लागतं.