जुन्या क्रॉलर ट्रॅक्टरच्या चेनचे बुश बदलताना या चुका टाळा

जुन्या क्रॉलर ट्रॅक्टरची (चाकांऐवजी पोलादी चेनवर चालणाऱ्या ट्रॅक्टरची) चेन वारंवार सैल पडू लागली, वळताना आयडलरवरून (चेनच्या पुढच्या टोकाचे चाक) उतरू लागली किंवा स्प्रॉकेटपाशी (चेन ओढणारे दातेरी चाक) खटखट आवाज करू लागली, की अनेक जण लगेच नवे बुश (सांध्यातल्या पिनभोवतीच्या पोलादी नळ्या) मागवतात. पहिली चूक तिथेच होते. बुश झिजला आहे एवढे कळून भागत नाही. तो आतून झिजला आहे की बाहेरून, हे ठरल्याशिवाय पुढचा कोणताही निर्णय नीट घेता येत नाही.

आतली झीज पिन आणि बुश यांच्यामध्ये होते. सीलबंद, तेल भरलेल्या चेन 1970 च्या दशकात प्रचारात आल्या. त्यापूर्वीच्या यंत्रांवर, उदाहरणार्थ 1938 ते 1957 या काळात तयार झालेल्या कॅटरपिलर डी2 वर, पिन बुशमध्ये कोरडीच फिरते आणि आत शिरलेली माती दोघांनाही खात राहते. प्रत्येक सांध्यात 2 मिलिमीटर झीज धरली, तर 36 सांध्यांच्या चेनची लांबी 72 मिलिमीटरने वाढते. चेन ‘ताणली गेली’ असे आपण म्हणतो ते हेच. लिंक, म्हणजे चेनची कडी, मात्र मुळीच लांबलेली नसते. बाहेरची झीज स्प्रॉकेटच्या दात्यांमुळे होते आणि ती रिव्हर्समध्ये अधिक होते, कारण यंत्र मागे जाताना बुशवर पूर्ण ओढ असतानाच तो दात्यावर फिरतो.

मोजमापातील चुका

लोंबत्या चेनवर टेप धरून घेतलेले माप फसवे असते, कारण सांध्यांतील मोकळीक तेव्हा दिसतच नाही. स्प्रॉकेटच्या दात्यात एक जुनी पिन अडकवून यंत्र अगदी सावकाश मागे घ्यावे, म्हणजे चेनची वरची बाजू ताठ होते. मग मास्टर पिन (चेनची दोन टोके जोडणारी पिन) वगळून सलग चार लिंकचे अंतर मोजावे आणि ते त्या मॉडेलच्या मूळ मापाशी ताडून पाहावे. बुशचा बाहेरील व्यास कॅलिपरने निरनिराळ्या कोनांत मोजून त्यातला सर्वांत लहान आकडा धरावा. एकाच जागी माप घेतल्यास न झिजलेली बाजू हाती लागते आणि बुश धडधाकट वाटतो.

हे माप वेळेत घेतले, तर पुष्कळदा नव्या बुशची गरजच उरत नाही. झीज एकाच बाजूला होत असल्याने पिन आणि बुश दोन्ही 180 अंशांत फिरवून पुन्हा बसवता येतात आणि चेनची पिच (लगतच्या दोन सांध्यांमधले अंतर) जवळपास मूळ मापावर येते. मात्र बुशचा बाहेरचा कठीण थर संपण्यापूर्वीच हे करावे लागते. तो थर गेला की खालचे मऊ पोलाद झपाट्याने झिजते आणि बुशला तडे जातात. असा बुश फिरवण्यात कष्ट वाया घालवू नयेत. बुश फिरवून पिन तशीच ठेवणे हीदेखील अर्धवट दुरुस्ती होय, कारण पिनची झिजलेली बाजू ओढाकडेच राहते.

काढताना

चेन सोडण्यापूर्वी यंत्र सपाट, कठीण जमिनीवर असावे आणि उचललेला भाग जॅकवर न ठेवता भक्कम ठोकळ्यांवर टेकवावा. आयडलरमागची रिकॉइल स्प्रिंग प्रचंड दाबाखाली बसवलेली असते. चेन सैल करण्यासाठी ॲडजस्टर (ताण कमी-जास्त करणारा भाग) सोडावा. स्प्रिंगला दाबून धरणारा बोल्ट सोडू नये. या दोहोंतील गफलत जिवावर बेतू शकते.

मास्टर पिन निघाल्यावर उरलेल्या पिन व बुश प्रेसवरच काढावेत, कारण ते लिंकमध्ये कित्येक टनांच्या दाबाने बसवलेले असतात. घणाने प्रयत्न करणारे बहुधा पिनचे टोक पसरवून ठेवतात, आणि मग ती आणखीच घट्ट होते. शिवाय कठीण पिनवर कठीण घण बसला की पोलादाचे कण गोळीसारखे उडतात. ठोकावेच लागले तर मध्ये मऊ धातूचा दांडा धरावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. गॅसने लिंक लालभडक तापवणे हा त्याहून वाईट उपाय आहे, कारण त्यामुळे रोलर (चेनवरून फिरणारी छोटी चाके) जिथून धावतात त्या पृष्ठभागाचा कठीणपणा जातो आणि बुशपायी लिंकही निकामी होते.

बसवताना

लिंकचे छिद्र आणि त्यालगतची खाच पूर्ण स्वच्छ हवी, पण गंज काढण्याच्या निमित्ताने छिद्र घासून मोठे करू नये. तिथली पकड गेली की पिन बाजूला सरकू लागते, आणि मग ती लिंकला वेल्ड करण्याचा मोह होतो. कठीण केलेल्या पोलादावरचा तो वेल्ड बहुधा तडा घेऊनच सुटतो. बुश दोन्ही बाजूंना सारखाच बाहेर राहील असा दाबावा. जास्त दाबल्यास सांधा आखडतो, कमी दाबल्यास फटीतून माती आत जाते. मास्टर बुश इतरांपेक्षा आखूड असतो, हे विसरून सगळे एकाच मापाचे मागवले, तर चेन शेवटी जोडलीच जात नाही.

स्प्रॉकेटचे दाते आकड्यासारखे वाकलेले दिसत असतील, तर नवे बुश त्यांवर चढवू नयेत; तसेच वाढलेल्या पिचच्या चेनखाली नवे स्प्रॉकेटही बसवू नये. पिच जुळली नाही की बुश दात्याच्या खोबणीत न बसता टोकाकडे चढतो आणि दोन्ही भाग लवकर संपतात.

रोलरमधील ब्राँझ बुशचे गणित वेगळे असते. तिथे चर पडलेल्या शाफ्टवर नवा बुश चढवणे ही नेहमीची चूक. शिवाय दाबून बसवल्यावर बुशचे आतील माप किंचित आवळते, म्हणून शाफ्ट घालण्यापूर्वी ते तपासून गरजेप्रमाणे रीमर (छिद्र अचूक मापाचे करणारे हत्यार) फिरवावा. तेलाचे छिद्र जुळले आहे की नाही, हे प्रेस चालवण्याआधी पाहावे.

काम झाल्यावर चेन सतारीच्या तारेसारखी ताणणारे पुष्कळ भेटतात. त्या ताणाने नवे बुश पहिल्या दिवसापासून झिजू लागतात. मॅन्युअलने सांगितलेला झोल ठेवावा आणि काही तास काम केल्यावर तो पुन्हा तपासावा. कोरड्या पिनांना वरून ग्रीस चोपडू नये, कारण त्यात चिकटलेली वाळू सांध्यात जाऊन घासणीचे काम करते.