जुनी ओपन गाडी भर पावसातच बघा

छत उघडणारी दोन सीटची गाडी कमी पैशात हवी असेल, तर गोव्यात बनलेली जुनी सॅन स्टॉर्म अधूनमधून विकायला येते. इंजिन रेनॉचं, बॉडी फायबरची. फायबर गंजत नाही, त्यामुळे वरून गाडी चकाचक दिसते. गंज असतो खाली, चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला. कोल्हापुरात उद्यमनगरातला ओळखीचा मिस्त्री सोबत न्या, गाडी जॅकवर घ्या आणि वेल्डिंगच्या जोडांवर स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघा.

बघायला जायचं तर जुलैतच. कोल्हापूरचा पाऊस फुकटात तपासणी करून देतो. छत लावून गाडी तासभर बाहेर ठेवा, मग कार्पेट उचलून हात फिरवा. ओल लागली किंवा कुबट वास आला, तर छत नव्यानं शिवून घ्यावं लागेल. तो खर्च किमतीतून आधीच वजा करा. सुट्या भागांपैकी बुश (जोडांमध्ये बसणाऱ्या छोट्या नळ्या) लेथवर करून मिळतात, पुढची काच मात्र शोधत फिराल.

गोवा पासिंग असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. १५ वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी नूतनीकरण झालीय का, तेही आरसी बुकात बघा.