गॅसच्या भट्टीवर चाकू घडवताना या चुका टाळा

कोळशाच्या भट्टीतली चूक लोहाराला लगेच दिसते. भाता जास्त चालला की ठिणग्या उडतात आणि कोळसा खचला की जाळ बसतो. घरी बांधलेल्या गॅसच्या भट्टीत मात्र चूक पोलादी नळीच्या आत आणि पांढऱ्या अस्तराच्या मागे लपलेली असते. भट्टी तापत नाही असे दिसले की नवशिका कारागीर प्रथम बर्नरवर संशय घेतो, जेट (गॅसची धार सोडणारे बारीक छिद्राचे टोक) बदलतो, नळी कापतो आणि दोन-तीन आठवडे त्यातच घालवतो. मीही हेच केले होते. अनेक भट्ट्या बांधून आणि दुरुस्त करून झाल्यावर माझे मत असे झाले आहे की दोष बहुतेक वेळा बर्नरमध्ये नसून भट्टीच्या पोटात, तोंडात किंवा सिलिंडरमध्ये असतो. म्हणून तपासणीही त्याच क्रमाने करावी आणि बर्नरला सर्वांत शेवटी हात लावावा.

पोट गरजेपेक्षा मोठे ठेवणे

पहिली भट्टी जवळजवळ प्रत्येक जण मोठी बांधतो, कारण पुढे कधीतरी कोयता किंवा तलवारीसारखे लांब पाते करायचे मनात असते. पाऊण इंची नळीचा, पंख्याशिवाय स्वतः हवा ओढणारा एक बर्नर साधारण साडेपाच लिटरची पोकळी घडाईच्या तापमानाला, म्हणजे 1000 ते 1150 अंश सेल्सिअसला, नेऊ शकतो. आतला व्यास 15 सेंटीमीटर आणि लांबी 30 सेंटीमीटर ठेवली तर पोकळी 5.3 लिटर होते, म्हणजे एका बर्नरला अगदी योग्य. व्यास 20 आणि लांबी 45 सेंटीमीटर केली तर तीच पोकळी 14 लिटरच्या वर जाते. नजरेला ही वाढ फारशी वाटत नाही, पण त्या बर्नरवरचे काम अडीच पटींहून जास्त वाढलेले असते. अशी भट्टी लालसर होऊन तिथेच थांबते, आणि दाब वाढवल्यावर फक्त तोंडातून बाहेर पडणारी ज्वाळा लांबते.

हातोड्याखाली एका तापात 10 ते 15 सेंटीमीटर पातेच घडवता येते. त्यामुळे लांब पात्यासाठी लांब भट्टी लागत नाही. मागच्या बाजूला एक छोटी खिडकी ठेवली की पाते आरपार सरकवता येते आणि काम नसताना ती विटेने बंद करता येते.

बाहेरच्या कवचाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. जुना स्वयंपाकाचा सिलिंडर कापून त्याचे कवच करू नये. तो सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचा असतो, आणि रिकामा वाटला तरी आत उरलेला वायू ग्राइंडरच्या ठिणगीने पेट घेऊ शकतो. फ्रीज-एसीच्या गॅसची टाकीही नको, कारण तिच्यात राहिलेला वायू तापल्यावर विषारी होतो. 15 सेंटीमीटरची पोकळी, भोवती 5 सेंटीमीटर ब्लँकेट (सिरॅमिक तंतूंची घोंगडीसारखी चादर) आणि 1 सेंटीमीटर कास्टेबल (पाण्यात कालवून लावायचे, उष्णता सोसणारे सिमेंटसारखे मिश्रण) असा हिशेब केला तर 27 सेंटीमीटर आतल्या व्यासाचा एम.एस., म्हणजे साध्या पोलादाच्या, पाईपचा तुकडा लागतो, आणि तो भंगाराच्या बाजारात सहज मिळतो. त्यावर जस्ताचा मुलामा नसल्याची खात्री करून घ्यावी. जस्त 907 अंशांना उकळते आणि त्याचा धूर छातीत गेला की त्याच रात्री थंडी वाजून ताप येतो. बर्नरच्या नळीसाठीही याच कारणाने जस्ताचा मुलामा असलेला जी.आय. पाईप न घेता काळा पाईप घ्यावा.

अस्तर उघडे ठेवणे

या चुकीबद्दल मला सर्वांत जास्त कळकळीने लिहावेसे वाटते, कारण तिचा त्रास भट्टीला होत नाही, माणसाला होतो. सिरॅमिक फायबरचे ब्लँकेट स्वस्त आहे, कात्रीने कापता येते, आणि दोन थर गुंडाळून बर्नर पेटवला की दहा मिनिटांत आतला भाग नारिंगी होतो. त्यामुळे काम संपले असे वाटते. माझी पहिली भट्टी चार महिने अशीच उघड्या ब्लँकेटवर चालली. दर वेळी पाते बाहेर काढताना अस्तराला घासत होते आणि संध्याकाळी उन्हाच्या तिरिपेत ते तंतू शेडमध्ये तरंगताना दिसत होते. तेव्हा मला त्यांचा अर्थ कळला नाही.

हे तंतू फुप्फुसाच्या खोलवर जाऊ शकतील इतके बारीक असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या तंतूंना माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या गटात ठेवले आहे. शिवाय ब्लँकेट दीर्घकाळ 1000 अंशांच्या वर तापत राहिले की त्यातल्या सिलिकेचा काही भाग क्रिस्टोबलाइट या स्फटिकरूपात बदलतो, आणि स्फटिकरूप सिलिकेची धूळ तर कर्करोगकारक म्हणूनच नोंदलेली आहे. म्हणजे जुने, तापून ठिसूळ झालेले अस्तर नव्यापेक्षा जास्त घातक असते. ते काढताना आधी पाण्याने भिजवावे, किमान एन-95 मास्क लावावा, आणि तुकडे बंद पिशवीत भरावेत. झाडू मुळीच मारू नये.

योग्य रीत अशी आहे. 1260 अंश दर्जाचे, घनमीटरला 128 किलो घनतेचे, 25 मिलिमीटर जाडीचे ब्लँकेट दोन थरांत, एका थराचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येणार नाही असे बसवावे. त्यावर कोलॉइडल सिलिका (सिलिकेचे अतिसूक्ष्म कण असलेले पाणी) फवारून, सुकवून, बर्नरने हलके तापवावे, म्हणजे पृष्ठभाग पुठ्ठ्यासारखा कडक होतो. मग ओल्या हाताने 8 ते 10 मिलिमीटर जाडीचा कास्टेबलचा थर द्यावा. कास्टेबल लावण्याआधी ब्लँकेट ओले करायला विसरू नये. कोरडे ब्लँकेट मिश्रणातले पाणी शोषून घेते आणि थर पापडासारखा सुटतो. सर्वांत वर झिर्कोनियम सिलिकेटचा पातळ लेप दिला तर उष्णता आतल्या आत परावर्तित होते आणि गॅस वाचतो.

यानंतर घाई नडते. कास्टेबलचा थर पहिले 24 तास ओल्या गोणपाटाखाली ठेवावा, मग दोन-तीन दिवस वाऱ्यावर, आणि त्यानंतर आत साधा पिवळा बल्ब लावून एक पूर्ण दिवस सुकवावा. पहिला जाळ दोन मिनिटांचा, दुसरा पाच मिनिटांचा असा वाढवत न्यावा. थरात अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की अस्तराचे टवके उडतात, कधी कधी आवाजासह. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी पावसाळा संपल्यावर जुन्या भट्टीलाही पुन्हा असेच हळू तापवावे, कारण चार महिन्यांच्या दमट हवेत अस्तर ओल धरते.

तळाचा विचार वेगळा करावा लागतो. पोलादाचे थर जोडताना वापरला जाणारा टाकणखार, म्हणजेच बोरॅक्स, वितळून खाली गळतो आणि सिरॅमिक फायबर अक्षरशः विरघळवतो. ओल्या बोटाने साखरेच्या गोळ्याला भोक पडावे तसे भोक थेट कवचापर्यंत जाते. हलक्या इन्शुलेशन विटाही त्याच्यापुढे टिकत नाहीत. थर जोडण्याचे काम करायचे असेल तर तळाला हाय अल्युमिना कास्टेबलचा जाड थर किंवा त्याच जातीची पातळ फरशी ठेवावी, आणि ती झिजल्यावर बदलता येईल अशी सुटी बसवावी. संपूर्ण भट्टी जड फायरब्रिकची बांधणे हा त्यावरचा उपाय नाही. जड वीट उष्णता अडवत नाही, स्वतः पिते, आणि तिला तापवण्यातच पहिला पाऊण तास जातो.

तोंड बंद करून उष्णता कोंडण्याचा प्रयत्न

भट्टी अपेक्षेइतकी तापत नाही असे दिसले की तोंडावर विटा रचण्याचा मोह होतो. थोडे तोंड कमी केल्याने फायदा होतो, पण एका मर्यादेनंतर उलट परिणाम दिसू लागतो. एलपीजीतल्या प्रोपेनच्या एका भागाला जळण्यासाठी सुमारे 24 भाग हवा लागते, ब्युटेनला 31. ही सगळी हवा पंखा नसलेला बर्नर केवळ गॅसच्या धारेच्या जोरावर ओढत असतो. जळलेला वायू बाहेर जायला वाट उरली नाही की आत उलट दाब तयार होतो, हवा ओढली जात नाही, ज्वाळा पिवळी आणि मंद होते, आणि अर्धवट जळालेला गॅस तोंडाबाहेर येऊन तिथे पेटतो. बाहेर मोठी ज्वाळा आणि आत मळकट लाल रंग ही जोडी दिसली की बर्नर न बदलता एक वीट काढून पाहावी.

ही चूक केवळ कार्यक्षमतेची नाही. अपुऱ्या हवेवर चालणारी भट्टी कार्बन मोनॉक्साइड सोडते, आणि त्याला रंग नसतो, वास नसतो. डोके जड होणे, मळमळणे ही लक्षणे थकवा समजून सोडून देऊ नयेत. भट्टी बंद खोलीत, तळघरात किंवा शटर खाली ओढलेल्या गॅरेजमध्ये कधीही पेटवू नये. समोरासमोर दोन बाजू उघड्या असलेली शेड असावी आणि तरीही कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म श्वासाच्या उंचीवर लावावा.

आता बर्नर

वरचे सगळे, आणि पुढे सांगितलेला सिलिंडरचा दाबही, तपासून झाल्यावरच बर्नरकडे यावे, आणि तोही भट्टीत बसवलेला असतानाच पाहावा. उघड्यावर धरलेल्या बर्नरची ज्वाळा फडफडते, कधी नळीपासून सुटून विझते. ती पाहून केलेले बदल भट्टीत निरुपयोगी ठरतात, कारण आतल्या तापलेल्या भिंतीच ज्वाळेला धरून ठेवतात.

ज्वाळा एका बाजूला झुकत असेल तर जेट नळीच्या मधोमध नाही किंवा तिरपे आहे. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही दिसून येतो. जेट म्हणून मिग वेल्डिंगचा टिप (ज्यातून वेल्डिंगची तार बाहेर येते ते टोक) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्यावरचा आकडा तारेच्या जाडीचा असतो, भोक त्याहून थोडे मोठे असते. नळीच्या आतून फट्-फट् असा आवाज येऊ लागला तर ज्वाळा मागे सरकून नळीतच जळत आहे, म्हणून गॅस तत्काळ बंद करावा आणि नळी गार होऊ द्यावी. दाब फार कमी ठेवणे, तोंड फार बंद करणे किंवा बर्नरचे टोक पोकळीत पुढे काढणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. टोक आतल्या भिंतीच्या पृष्ठभागापासून एक-दोन सेंटीमीटर मागेच राहिले पाहिजे. काल चांगला चाललेला बर्नर आज अचानक पिवळा जळू लागला तर नळीत डोकावून पाहावे. कुंभारीण माशीला ही जागा मातीच्या घरट्यासाठी फार आवडते.

पंख्याच्या बर्नरला आणखी एक धोका आहे. वीज गेली की पंखा थांबतो, पण गॅस येतच राहतो आणि उलट पंख्यात शिरतो. भारनियमनाच्या गावात तर वीज गेल्यावर आपोआप बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय असा बर्नर चालवूच नये.

सिलिंडर आणि दाब

स्वयंपाकाच्या शेगडीचा रेग्युलेटर सुमारे 30 मिलिबार इतकाच स्थिर दाब देतो. भट्टीला त्याच्या दहा ते तीस पट दाब लागतो, म्हणून चौरस सेंटीमीटरला 0 ते 2 किलो दाबाचा, दाब कमीजास्त करता येणारा आणि दाबमापक असलेला रेग्युलेटर घ्यावा. 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर भट्टीला जोडणे हा कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर मिळतो.

अर्ध्या तासाने दाब उतरतो आणि सिलिंडरवर दव किंवा हिम धरते, तेव्हा जेट तुंबले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात द्रवाचा वायू होताना सिलिंडर स्वतःच गार होत असतो. आपल्याकडच्या एलपीजीत ब्युटेनचे प्रमाण बरेच असते, आणि ब्युटेन शून्य अंशाच्या किंचित खालीच उकळते, त्यामुळे गार झालेल्या सिलिंडरात द्रव शिल्लक असूनही दाब मिळत नाही. प्रोपेन उणे 42 अंशांनाही उकळते, म्हणून ते आधी निघून जाते आणि अर्ध्याहून रिकाम्या सिलिंडरात हा त्रास वाढतो. दोन सिलिंडर एकत्र जोडणे हा सरळ उपाय आहे. सिलिंडर आडवा करणे किंवा त्याला ज्योत दाखवणे हा उपाय नव्हे, तो अपघात आहे.

प्रत्येक सांधा दर वेळी साबणाच्या पाण्याने तपासावा. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस जमिनीलगत साचतो, तेव्हा सिलिंडर भट्टीपासून किमान तीन मीटरवर आणि खड्डा किंवा गटार नसलेल्या जागी असावा. पेटवताना आधी भट्टीत पेटता काकडा ठेवावा, तोंडासमोरून बाजूला व्हावे आणि मगच गॅस सोडावा. बंद करताना आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून नळीतला गॅस जळू द्यावा, मग बर्नरचा हवेचा झडपा मिटावा. नाहीतर आतली धग वर चढून जेट आणि रबरी नळी भाजते.

पाणी देतानाची चूक

घडाई छान झालेले पाते शेवटच्या तापात बिघडण्याचे कारण म्हणजे घडाईच्याच जाळावर त्याला पाणी देणे, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक करणे. साध्या उच्च कार्बन पोलादाला त्यासाठी 800 ते 815 अंश पुरतात, तर भट्टी 1100 वर असते आणि ज्वाळेच्या टप्प्यातली जागा त्याहूनही गरम. टोक आणि धार पातळ असल्याने आधी तापतात, त्यांतले कण मोठे होतात आणि पाते पुढे वाकवताना कचकन तुटते. तुटलेल्या भागावर रवाळ चकाकी दिसली तर हेच झाले आहे असे समजावे. दाब खाली आणून, पोकळीत एका बाजूने बंद असलेला जाड पोलादी पाईप ठेवावा आणि पाते त्या पाईपच्या आत, कडांना न टेकता तापवावे. के-टाइप थर्मोकपल (भट्टीतले तापमान मोजणारे साधन) असेल तर उत्तम. नसेल तर पोलाद सुमारे 770 अंशांना चुंबकाला चिकटणे सोडते, त्यानंतर रंग किंचित उजळेपर्यंत थांबून पाते तेलात बुडवावे. हे काम भर उन्हात करू नये, कारण उन्हात लाल रंग खरा आहे त्यापेक्षा मंद दिसतो आणि हात आपोआप दाब वाढवायला जातो.