होमोसिस्टिन्युरियात गुठळ्या टाळायच्या तर
भाचीला होमोसिस्टिन्युरिया हा जन्मजात आजार आहे, म्हणजे रक्तात होमोसिस्टीन (एक अमिनो आम्ल) साठतं आणि तरुणपणीच गुठळ्या व्हायची भीती. लागू पडत असेल तर बी६ची गोळी, आणि कमी मेथिओनिनचं (प्रथिनांतला घटक, त्याचंच होमोसिस्टीन बनतं) जेवण, डाळ-पनीर पण मोजून (हे आज्जीला पटवणं सगळ्यात अवघड). पाणी मात्र भरपूर, एप्रिलात सिंहगड चढताना तर विसरूच नका. टेस्टला ब्लड दिलं की नळी लगेच बर्फात ठेवायला सांगा, आमच्या लॅबवाल्याने तशीच टेबलावर ठेवली आणि आकडा उगाच वाढीव आला. ऑपरेशन असलं तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, नायट्रस ऑक्साइड (भुलीचा वायू) नको म्हणून. इस्ट्रोजेनच्या गोळ्याही नकोत. एकच पोटरी सुजून दुखायला लागली तर तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर, धाप लागली तर थेट इमर्जन्सी.