लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचा हंगाम कसा आखावा

बहुतेक जण आधी आवडतील त्या शर्यतींत नाव नोंदवतात आणि मग त्यांच्या मधल्या फटींत सराव कोंबत बसतात. हा क्रम उलटा हवा. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे अशी पूर्ण अंतराची शर्यत हौशी स्पर्धकाने वर्षातून एकदाच, फार तर दोनदा करावी. कारण पायांचे दुखणे आठवड्याभरात थांबले, तरी शरीर आतून सावरायला त्याहून बरेच आठवडे लागतात. म्हणून एकच मुख्य शर्यत निवडून तिच्या तारखेपासून मागे मोजत यावे.

निवड करताना शर्यतीच्या नावलौकिकापेक्षा मार्गातील चढ, पाण्याचे तापमान, दुपारचे ऊन आणि वेळमर्यादा यांकडे अधिक लक्ष द्यावे. अनेक शर्यतींत एकूण १७ तास आणि पोहण्यासाठी सुमारे २ तास २० मिनिटे मिळतात. पण प्रत्येक आयोजकाचे नियम वेगळे असल्याने ते नोंदणीपूर्वीच वाचावेत. पोहणे कच्चे असलेल्या माणसाने पहिल्याच वर्षी खवळत्या समुद्रातील शर्यत निवडणे म्हणजे, माझ्या मते, धाडस नव्हे, हट्ट आहे.

शर्यतीपूर्वीचे शेवटचे दोन-तीन आठवडे टेपरचे. या काळात सरावाचे तास निम्म्यापर्यंत कमी करावेत, मात्र शर्यतीच्या वेगाचे छोटे तुकडे चालू ठेवावेत. त्याआधीचे आठ ते दहा आठवडे शर्यतीसारख्या सरावाचे आणि त्याच्याही आधीचे किमान तीन महिने पायाभरणीचे असावेत. मुख्य शर्यतीच्या सहा ते आठ आठवडे आधी १.९, ९० आणि २१.१ किलोमीटरची अर्ध्या अंतराची शर्यत ठेवली, तर ती उत्तम रंगीत तालीम ठरते. तिथे वेळेपेक्षा वेटसूट (पोहताना घालायचा रबरी पोशाख), ट्रान्झिशन (एका प्रकारातून दुसऱ्याकडे जातानाची कपडे-साधनांची अदलाबदल) आणि खाण्याची घडी तपासायची असते. दर चौथा आठवडा हलका ठेवावा. तो ‘वाया जातो’ असे वाटणाऱ्यांनाच तो सर्वाधिक गरजेचा असतो.

आठवड्याला सात-आठ तासांपासून सुरुवात करून ऐन भरात बारा ते पंधरा तासांपर्यंत जाणे नोकरी सांभाळणाऱ्या माणसाला पुरेसे आहे. यातील जवळपास निम्मा वेळ सायकलला द्यावा, कारण शर्यतीचा जवळपास निम्मा वेळ तिच्यावरच जातो आणि धावण्याच्या तुलनेत सांध्यांना इजाही कमी होते. बराचसा सराव पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या संथ गतीने करावा. मंद दिवशी वेगात आणि वेगाच्या दिवशी थकून मंद, असा मधल्यामध्ये अडकलेला सराव अनेकांचा हंगाम खातो. सर्वांत लांब धाव अडीच ते तीन तासांवर थांबवावी. सरावात पूर्ण मॅरेथॉन धावल्याने मिळणाऱ्या फायद्यापेक्षा त्यातून सावरण्यात जाणारे दिवस महाग पडतात. त्याऐवजी चार-पाच तासांच्या सायकलनंतर लगेच अर्धा तास धावण्याचा ब्रिक सराव दर दोन आठवड्यांनी करावा.

खाणेपिणे हा चौथा क्रीडाप्रकारच समजावा. १९७८ साली हवाईतील ओआहू बेटावर झालेल्या पहिल्या आयर्नमॅन, म्हणजे पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉन शर्यतीत १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. त्यात दुसरा आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांजवळचे पाणी संपल्याने त्यांनी त्याला बिअर पाजली होती. आज एवढा गोंधळ कोणी करत नाही, पण शर्यतीच्या दिवशी प्रथमच नवे जेल (कर्बोदकांचा दाट पाक) तोंडात घालणारे दरवर्षी दिसतात. ताशी ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके हे सर्वसाधारण लक्ष्य असते. केवळ ग्लुकोज असेल, तर आतडे ताशी साधारण ६० ग्रॅमच शोषू शकते. फ्रुक्टोज वेगळ्या मार्गाने शोषले जात असल्याने दोन्हींच्या मिश्रणातून अधिक ऊर्जा मिळते. एवढे पचवण्याची सवय आतड्यांना लांब सायकलफेऱ्यांतच लावावी लागते. शिवाय तहानेपेक्षा जास्त पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीवर घसरू शकते.

आजारपणात किंवा कामाच्या रेट्यात सराव बुडाला, तर तो पुढच्या आठवड्यात भरून काढू नये. बुडाला तो बुडाला असे मानून आराखडा आहे तिथून पुढे चालू करावा. दोन आठवड्यांहून मोठा खंड पडल्यास मात्र मुख्य शर्यतीचे उद्दिष्ट पुन्हा तपासावे, आणि गरज पडल्यास वेळेचे लक्ष्य सोडून केवळ शर्यत पूर्ण करण्याच्या हिशेबाने उरलेले आठवडे मांडावेत. शर्यतीनंतरचे किमान दोन आठवडे आराखड्यात कोरे ठेवावेत आणि तोवर पुढच्या शर्यतीचा नोंदणी अर्ज उघडू नये.