फोम पॅड कधी झटकायचा, कधी धुवायचा, कधी टाकायचा

गाडीच्या पेंटला मशीनवर फोम पॅड लावून पॉलिश करताना साधारण दोन बाय दोन फुटांचा भाग झाला की मशीन चालू ठेवून पॅडवर नायलॉनचा ब्रश हलक्या हाताने धरा. वाळलेलं पॉलिश आणि पेंटची भुकटी निघून जाते. ती पॅडमध्येच राहिली तर फोमची छिद्रं बुजतात, पॅड तापतो आणि पेंटवर धूसर रेघा उठतात. मग माणूस आणखी पॉलिश ओततो, तिथेच काम बिघडतं. बोनेट किंवा एक-दोन दरवाजे झाले की पॅड बदललेला बरा. पूर्ण गाडीला पाच-सहा पॅड हाताशी असू द्या. कंपाउंडचा (ओरखडे काढणाऱ्या खरखरीत पॉलिशचा) पॅड फिनिशिंगला, म्हणजे शेवटच्या चकाकीच्या हाताला, अजिबात वापरू नका, धुतलेला असला तरी.

काम संपताच, पॉलिश कडक व्हायच्या आत, पॅड कोमट पाण्यात थोडं भांड्यांचं लिक्विड घालून धुवा. अंगठ्याने मधून कडेकडे दाबत फेस काढा. पिळू नका, पिळल्याने फोम मागे चिकटवलेल्या वेल्क्रोपासून सुटतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून टॉवेलमध्ये दाबा आणि वेल्क्रो वर, फोम खाली असा सावलीत जाळीवर ठेवा. नाहीतर पाणी गोंदाच्या थरात मुरतं. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवा, ओलसर पॅड डब्यात बंद करू नका.

मधला भाग दाबल्यावर वर येत नसेल, कड फाटली असेल किंवा वेल्क्रोचा कोपरा सुटला असेल, तर पॅड टाकून द्या. वेगात तो निसटला तर बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर बसतो ती मशीनची चकती) थेट पेंटवर घासते.