हायड्रेंजिया बियांपासून कसा वाढवावा?

हायड्रेंजिया या फुलझुडपाची बी तळहातावर घेतली तर चिमूटभर तपकीर घेतल्यासारखी दिसते. एक दाणा जेमतेम १ मिलिमीटरचा, कित्येकदा त्याहूनही बारीक. श्वास जोरात सोडला तरी उडून जातो. बी मातीत का पुरायची नाही, पाणी वरून का घालायचे नाही आणि पहिल्या दोन महिन्यांत इतकी रोपे का दगावतात, या सगळ्याचे मूळ त्या बारीकपणात आहे.

पेरण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बियांपासून आलेले रोप हुबेहूब आईझाडासारखे निघत नाही. फुलोऱ्याचा आकार, रंग, झुडपाची उंची, सगळ्यात फरक पडू शकतो. आवडलेले तेच झाड हवे असेल तर फांदीचे छाट कलम लावावे. नवे काही निघावे अशी हौस असेल आणि पहिल्या फुलासाठी दोन-तीन वर्षे थांबायची तयारी असेल, तर बी जरूर पेरावी.

बी कुठे असते?

हायड्रेंजियाच्या फुलोऱ्यात ठसठशीत दिसतात त्या पाकळ्या नसून रंगीत संदले (कळीला बाहेरून झाकणारी दले) असतात आणि ती फुले बहुतेक वांझ असतात. बी धरणारी फुले मण्यांएवढी लहान. चपट्या फुलोऱ्याच्या, म्हणजे ‘लेसकॅप’ जातींत ती मधोमध गर्दीने दिसतात आणि मोठी फुले फक्त कडेने असतात. चेंडूसारख्या गोल फुलोऱ्यात मात्र ती थोडी आणि मोठ्या फुलांखाली दडलेली असतात, म्हणून बी धरायची तर चपट्या फुलोऱ्याचे झाड निवडावे.

फुलोरा झाडावरच वाळू द्यावा. हिरवी बोंडे तोडली तर आतली बी कच्ची निघते. पिकलेले बोंड भिंगाखाली पाहण्यासारखे असते: काही मिलिमीटरची तपकिरी लोटी, तोंडावर दोन-तीन वाळकी शिंगे आणि शिंगांच्या मधोमध उघडलेले छिद्र. झाडाचे नावही या लोटीवरूनच पडले, ग्रीक भाषेत ‘हायडोर’ म्हणजे पाणी आणि ‘अँजिऑन’ म्हणजे भांडे.

फुलोरा कापून कागदी पिशवीत उलटा ठेवावा, आठवडाभराने पिशवी झटकावी. जे पडेल ते पांढऱ्या कागदावर घेऊन कागद किंचित कलता करावा आणि बोटाने टिचक्या माराव्यात. बी घरंगळत पुढे जाते, भुसकट बरेचसे मागे राहते. शक्यतो ताजी बी पेरावी. ठेवायचीच असेल तर कागदी पुडीत बांधून, घट्ट झाकणाच्या बरणीत, थंड आणि कोरड्या जागी.

पेरणी

१. तळाला भोके असलेला ८ ते १० सेंटिमीटर खोल ट्रे किंवा कुंडी गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन घ्यावी.

२. बारीक चाळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग आणि पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) एक भाग एकत्र करावे. बागेतली माती किंवा शेणखत आता नको. त्यातून बुरशी येते आणि या वयाच्या रोपाला खताची गरजही नसते.

३. काठापासून १ सेंटिमीटर खाली राहील इतके मिश्रण भरून सपाट दाबावे. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवावा. पृष्ठभाग गडद दिसू लागला की बाहेर काढून पाणी निथळू द्यावे.

४. बी चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळावी, दुमडलेल्या कागदाच्या घडीतून हळूहळू टिचक्या मारत विरळ पसरावी.

५. वर माती घालू नये. या बियांना उगवायला उजेड लागतो. तळहाताने अलगद दाबले की पुरे.

६. वर काच किंवा पारदर्शक प्लॅस्टिक टाकून ट्रे भरपूर उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवावा. तापमान २० ते २४ अंश सेल्सिअस असावे. कोंब दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात.

रोज एकदा झाकण उचलून पुसावे आणि थोडी हवा खेळू द्यावी. पृष्ठभाग फिका पडू लागला की पुन्हा परातीतूनच पाणी द्यावे. झारीची एक धार सगळी बी एका कोपऱ्यात गोळा करते. उलट, कोंब फुटताना पृष्ठभाग एक दुपार जरी कोरडा पडला तरी सगळे मरते, कारण मूळ अजून केसाएवढे असते.

रोपे कोलमडली तर

सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. सकाळी टवटवीत असलेले रोप संध्याकाळी आडवे पडलेले दिसते. वाकून पाहिले तर मातीलगतचा देठ दोऱ्यासारखा बारीक आणि काळपट झालेला असतो. हा बुरशीजन्य मर रोग. पडलेले रोप वाचत नाही, त्यामुळे त्याच्याभोवतीच्या चमचाभर मिश्रणासकट ते लगेच काढून टाकावे, झाकण हटवावे आणि एक-दोन दिवस पाणी थांबवावे. दाट पेरणी, कोंडलेली हवा आणि सतत चिंब मिश्रण या तिन्ही गोष्टी टाळल्या तर बुरशीनाशकाची सहसा वेळ येत नाही.

खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की रोपे ६ ते ८ सेंटिमीटरच्या कुंड्यांत हलवावीत. उचलताना पान धरावे, देठ नाही. पान फाटले तर दुसरे येते, देठ चेपला तर रोप गेले. दोन आठवड्यांनी पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणाच्या पाव तीव्रतेचे द्रवखत सुरू करावे. पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की शेंडा खुडावा म्हणजे फाटे फुटतात.

बागेत लावताना

पहिले वर्ष रोप कुंडीतच वाढवावे, मोठ्या होत जाणाऱ्या. जमिनीत लावण्याआधी ७ ते १० दिवस थोडे-थोडे बाहेरच्या हवेची सवय करावी. जागा सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी.

ओल आवडणारे झाड म्हणून ते डबक्यात लावू नये. ३० सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर तिथे मुळे कुजतील, मग उंच वाफा करावा. निचरा ठीक असेल तर मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद आणि गोळ्याइतकाच खोल खड्डा घ्यावा, मातीत कंपोस्ट मिसळावे, दोन झाडांत १ ते दीड मीटर अंतर ठेवावे. वर ५ ते ७ सेंटिमीटर पाचोळ्याचे आच्छादन पसरावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये.

दुपारी पाने माना टाकतात तेव्हा लगेच पाण्याचा पाइप हातात घेऊ नये. आधी बोट ५ सेंटिमीटर आत घालून पाहावे. आत ओल असेल तर पानांतून जाणारे पाणी मुळांना तेवढ्या वेगाने पुरवता येत नाही, एवढेच झालेले असते. संध्याकाळी पाने आपोआप उभी राहतात. अशा वेळी रोज पाणी ओतल्यानेच पुष्कळ झुडपे मरतात. सकाळीही पाने मलूल असतील आणि माती कोरडी असेल, तर मुळाशी सावकाश, भरपूर पाणी द्यावे.

मोठ्या पानांच्या जातीत आम्ल मातीत, म्हणजे सामू (pH, आम्लतेचे माप) ५.५ च्या खाली असताना, फुले निळी येतात, कारण तेव्हा मातीतले अ‍ॅल्युमिनियम मुळांना उचलता येते. सामू वाढला की ती गुलाबी होतात. पांढऱ्या जाती सहसा निळ्या होत नाहीत. शिरा हिरव्या आणि मधले पान पिवळे दिसले तर माती किंवा पाणी फार अल्कधर्मी असून लोह मिळत नाही असे समजावे. पावसाचे साठवलेले पाणी तेव्हा उपयोगी पडते.

झाडाचे सर्व भाग खाल्ल्यास विषारी असतात, त्यामुळे लहान मुले आणि पाळीव प्राणी पाने चघळणार नाहीत हे पाहावे.

मोठ्या पानांच्या जातीची छाटणी फुलोरा सुकल्यावर लगेच करावी. पुढच्या हंगामाचे कळ्यांचे डोळे आदल्याच हंगामात जुन्या फांदीवर धरतात, उशिरा कात्री चालवली की वर्षभर फूल नाही. पॅनिक्युलाटा ही शंकूसारख्या फुलोऱ्याची जात नव्या फुटीवर फुलते, ती हिवाळ्याच्या अखेरीस छाटली तरी चालते. बियांपासून आलेल्या रोपाचा पहिला फुलोरा बहुधा लहान आणि विरळ असतो. तो पाहून झाड उपटू नये, दुसऱ्या-तिसऱ्या बहरात त्याचा खरा आकार दिसतो.